झेड-मशीन: कागदावर रचलेला संगणक

झेड-मशीन नावाचा संगणक कुठल्याही कारखान्यात तयार झाला नाही. १९७९ साली जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी तो कागदावर रचला. ज्या खऱ्या संगणकांसाठी हा खटाटोप केला ते केव्हाच भंगारात गेले, पण झेड-मशीनसाठी लिहिलेले खेळ आजही वाशीममधल्या साध्या लॅपटॉपवर जसेच्या तसे चालतात.

या खेळांत चित्र नसतं. पडद्यावर एखाद्या जागेचं वर्णन उमटतं, खेळणारा इंग्रजीत दिवा लावायची किंवा उत्तरेला जायची आज्ञा टाइप करतो आणि गोष्ट पुढे सरकते. याची सुरुवात झाली ती गुहेतून. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत काम करणारा विल क्राउदर केंटकीतल्या मॅमथ गुहेत उतरून तिचे नकाशे करायचा. घटस्फोटानंतर, १९७५-७६च्या सुमारास, त्याने आपल्या मुलींना खेळता यावं म्हणून त्या गुहेवर एक प्रोग्राम लिहिला. पुढे १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने तो वाढवला. तो पाहून एमआयटीतल्या टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेब्लिंग या चौघांनी ‘झॉर्क’ लिहिला.

अडचण आली ती विक्रीच्या वेळी. ‘झॉर्क’ चालत होता पीडीपी-१० या अवाढव्य यंत्रावर. घरगुती संगणकांची स्मृती जेमतेम, त्यात एका कंपनीचा प्रोग्राम दुसरीच्या यंत्रावर चालत नसे. प्रत्येक यंत्रासाठी खेळ नव्याने लिहायचा म्हटलं तर ‘इन्फोकॉम’ ही त्यांची छोटी कंपनी त्यातच बुडाली असती. म्हणून त्यांनी एक काल्पनिक संगणक ठरवला आणि खेळ त्याच्यासाठी लिहिला. खऱ्या यंत्रावर फक्त एक दुभाषी प्रोग्राम बसवायचा, जो काल्पनिक संगणकाच्या सूचना वाचून पाळेल. नवा संगणक बाजारात आला की नवा दुभाषी लिहायचा, खेळाच्या फाइलला हात लावायचा नाही.

काटकसर तर पाहत राहावी अशी. इंग्रजी मजकूर असा दाबून भरला की दोन बाइटांत तीन अक्षरं मावावीत. वारंवार येणाऱ्या शब्दांना संक्षेप दिले. बदलणारा भाग तेवढा स्मृतीत ठेवला, बाकीचा लागेल तसा फ्लॉपीवरून उचलला. तरीही ‘झॉर्क’चे तीन भाग करावे लागलेच; पहिला १९८० मध्ये आला. डग्लस अ‍ॅडम्सने स्टीव्ह मेरेट्झ्कीबरोबर लिहिलेला ‘हिचहायकर्स गाइड’ हा इन्फोकॉमचाच खेळ १९८४चा. १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने इन्फोकॉम विकत घेतली आणि १९८९ मध्ये ती बंद पडली.

कंपनी संपली, यंत्र संपलं नाही. हौशी लोकांनी जुन्या फाइली उलगडून त्याची रचना शोधून काढली. ग्रॅहम नेल्सनने १९९३ मध्ये ‘इन्फॉर्म’ ही त्याच यंत्रासाठी नवे खेळ लिहिण्याची भाषा दिली. आज खेळायचं तर ‘फ्रॉट्झ’ हा मोफत दुभाषी उतरवून घ्यावा. तो विंडोजवर चालतो, लिनक्सवरही चालतो. काहीच बसवायचं नसेल तर ब्राउझरमध्ये ‘पार्चमेंट’ आहे. ‘झॉर्क’च्या या तिन्ही भागांचा मूळ कोड २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने मुक्त परवान्याखाली खुला केला.

खेळताना शेजारी वही हवीच. खोली आली की चौकोन काढायचा, वाट आली की रेघ. ‘झॉर्क’मधल्या कंदिलाची बॅटरी संपते आणि अंधारात ग्रू नावाचा प्राणी खाऊन टाकतो, म्हणून अधूनमधून खेळ सेव्ह करावा. पहिल्याच अडचणीला नेटवर उत्तर शोधू नये. अडून बसणं, रात्री अंथरुणावर त्याचाच विचार करणं, हीच या खेळांची खरी गोडी आहे.

माझी तळमळ मात्र मराठीसाठी आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, शिवाय नामाला प्रत्यय लागताना त्याचं रूपही बदलतं: रस्ता, पण रस्त्यावर, विहीर, पण विहिरीत. इंग्रजी आज्ञा समजणाऱ्या प्रोग्रामला हे पेलत नाही. पण इन्फॉर्मच्या जुन्या आवृत्तीतच खेळणाऱ्याचं वाक्य आधी हव्या त्या क्रमात बसवून घेण्याची सोय होती आणि तिच्या आधारे स्पॅनिश, जर्मन, इटालियन लोकांनी आपापल्या भाषेत खेळ केले. खुद्द झेड-मशीनमध्ये नेहमीच्या अक्षरांपलीकडे जेमतेम ९७ चिन्हांना जागा आहे, ती देवनागरीला अपुरी. त्यासाठी अँड्र्यू प्लॉटकिनने रचलेलं ‘ग्लल्क्स’ हे मोठं काल्पनिक यंत्र आहे. इन्फॉर्मच्या नव्या आवृत्तीचा कोडही २०२२पासून खुला आहे.

गोष्टीसाठी तर वाशीमला दूर जायला नको. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. वाशीममधल्या पद्मतीर्थ तळ्याच्या काठावरून निघून त्या लेण्यापर्यंत पोहोचणारा खेळ जिल्ह्यातल्या संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी लिहावा. शिक्षकांनी त्यांना त्यासाठी एक सत्र द्यावं. साधनं सगळी फुकट आहेत.