हिंदकळणारे पाणी

भरलेली बादली न सांडता स्वयंपाकघरापर्यंत नेणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. पाणी सांडले की आपण नेणाऱ्याच्या हातास दोष देतो; वस्तुतः तो पुष्कळदा पावलांचा असतो. झोपाळ्याप्रमाणेच भांड्यातील पाण्यासही हेलकाव्याची स्वतःची गती असते व ती मुख्यतः भांड्याच्या रुंदीवर ठरते. एक फूट व्यासाच्या, बऱ्यापैकी भरलेल्या बादलीतील पाणी सेकंदास सुमारे पावणेदोन हेलकावे घेते. आणि मनुष्याची पावलेही साधारण याच गतीने पडतात! मग प्रत्येक पाऊल पाण्यास नेमक्या क्षणी झोका देते व हेलकावा वाढत जातो. चामड्याच्या पखालीत प्रकार आणखी गुंतागुंतीचा. कारण तेथे पाण्याबरोबर भिंतही हलते.

पृष्ठताण येथे आपणांस साह्य करीत नाही काय? काठोकाठ भरलेल्या पेल्यात पाणी काठाच्या किंचित वर फुगून राहते, ते त्याच्याच बळावर. परंतु त्याची सत्ता दोन-तीन मिलिमीटरांपुरतीच. बादलीत गुरुत्वाकर्षणाचेच राज्य. अवकाशातील भारहीन स्थितीत मात्र पृष्ठताण धनी होतो. म्हणून यानांच्या कित्येक टाक्यांत धातूच्या पट्ट्या बसवून, त्याच्याच करवी इंधन तोटीपर्यंत आणवितात.

बादली हिंदकळली तर फरशी ओली होते. मोठ्या पात्रात प्राणांवर बेतते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जममधील झीब्रुग्ग बंदरातून निघालेल्या ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ या इंग्रज जहाजाचे पुढील दार उघडेच राहिले. मोटारी ठेवण्याच्या मजल्यावर समुद्राचे पाणी शिरले. तो मजला आडभिंतींवाचून सलग मोकळा होता. जहाज जरा कलले की पाणी त्याच बाजूस धावे व कल अधिकच वाढवी. उथळ पाण्याचा खळखळाट तो हा! काही मिनिटांतच जहाज आडवे झाले व १९३ माणसे दगावली.

म्हणूनच तेलाच्या व पाण्याच्या टँकरांत भोके पाडलेले आडपडदे बसवितात. पाणी त्यांतून जाते, पण एकजुटीने धावू शकत नाही. पूर्ण भरलेल्या टँकरापेक्षा अर्धा भरलेला वळणावर अधिक धोक्याचा, हे जाणते चालक ओळखून असतात.

बादलीस आडपडदा बसविणे आपल्या हाती नाही. तथापि ती काठाखाली चार बोटे रिकामी ठेवणे व हेलकावा वाढू लागताच पावलांचा ठेका बदलणे, हे उपाय घरातील लहान मुलांसही सहज साधतील. पाणी सांडल्याबद्दल त्यांना रागे भरण्यापूर्वी वडील मंडळींनी त्यांस एवढे समजावून सांगावे, अशी आमची सूचना आहे.