पाहुण्यांचे फोटो पुरे, कुस्तीचा फोटो काढा की!

यात्रांचा हंगाम आला की गावोगावच्या मैदानांचे फोटो व्हॉट्सॲपवर धडाधड येऊ लागतात. दहा फोटो उघडा. सात-आठ फोटोंत फेटे बांधलेले पाहुणे, नारळ, हार आणि पैलवानांच्या मध्ये उभे राहून हात जोडलेली मंडळी. उरलेल्या दोनांत कुस्ती असते, पण इतक्या लांबून की वर कोण, खाली कोण, कळत नाही. पाहुण्यांचे फोटो वर्षभर निघतातच हो. पोराने सहा महिने तालमीत घाम गाळून मारलेला डाव मात्र एकदाच होतो, आणि कुणी टिपला नाही तर घरच्यांना दाखवायलाही काही उरत नाही.

खेळाचा चांगला फोटो म्हणजे काय? त्यात चेहरा दिसला पाहिजे, जोर दिसला पाहिजे, आणि पुढच्या क्षणी काय होणार याची उत्सुकता लागली पाहिजे. महागडा कॅमेरा ही नंतरची गोष्ट. आधी खेळ कळायला हवा. एका गड्याने एकेरी पट काढला, म्हणजे समोरच्याचा पाय हातात आला, की पुढचं सगळं एक-दोन सेकंदांत होतं. ‘पडला!’ असा गलका ऐकून बटण दाबणाऱ्याच्या हाती फक्त उठून माती झटकणारे पैलवान लागतात. कुस्ती कळणारा माणूस पट निघतानाच बोट दाबून ठेवतो.

दुसरी गोष्ट बसायच्या जागेची. कबड्डीत बहुतेक जण मैदानाच्या बाजूला मधोमध उभे राहतात. पण चढाईपटू पकडीत सापडला की तो परत मध्यरेषेकडे झेपावतो. म्हणजे त्याचं तोंड त्याच्याच अंगणाकडे असतं. त्या अंगणाच्या मागे, शेवटच्या रेषेबाहेर, अंतर राखून खाली बसा. ताणलेला हात, आवळलेले दात आणि कंबरेला लटकलेले तीन-चार गडी, सगळं समोरून मिळतं. खो-खोत खुंटाच्या रेषेत, मैदानाबाहेर बसलं की सूर मारणारी मुलगी थेट तुमच्याकडे येते. उभं राहून काढलेल्या फोटोत डोकी दिसतात. बसून काढलेल्यात खेळाडू मोठा दिसतो. पँट मळली तर मळू द्या.

जागेचं महत्त्व सांगणारा जगातला नामांकित फोटो मुष्टियुद्धातला आहे. २५ मे १९६५ रोजी अमेरिकेत लुइस्टन गावी महंमद अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत पाडलं. खाली पडलेल्या लिस्टनवर ओरडणारा अली टिपला २२ वर्षांच्या नील लायफरने. त्या फोटोत नीट बघा: अलीच्या पायांमधून पलीकडे बसलेला दुसरा छायाचित्रकार दिसतो, हर्ब शार्फमन. गडी कसलेला, पण त्याच्यासमोर अलीची पाठ होती. नशीब म्हणा, पण त्या क्षणी लायफर तयार होता, हेही तितकंच खरं.

आता आपल्याकडची खरी अडचण. पहिल्या नंबरची कुस्ती सगळ्यात शेवटी लागते, म्हणजे उजेड संपता संपता. दुपारच्या उन्हात मोबाईलच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटर १/१००० सेकंदावर ठेवलं की हवेतला गडी स्वच्छ थांबतो. तिन्हीसांजेला तेवढ्यावर फोटो काळाच येणार. मग १/२५० पर्यंत खाली या आणि ढाक लागण्याची वाट बघण्यापेक्षा खडाखडी टिपा, कब्जा टिपा, जिथे दोघे एकमेकांना अडवून क्षणभर थांबतात. मानेच्या शिरा, कानाला लागलेली माती, हे तिथेच दिसतं. दिव्यांखाली फोटोत काळे पट्टे येत असतील तर फोन बिघडलेला नाही. आपल्याकडच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० केलं की पट्टे बहुधा जातात. फ्लॅश नकोच. तो मैदानाच्या मध्यापर्यंत पोचत नाही, आणि जवळ असाल तर खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. बोटांनी झूम करण्यापेक्षा पंचांना विचारून चार पावलं पुढे जा.

मागे काय आहे तेही बघा. पैलवानाच्या डोक्यावर बॅनरवरच्या नेत्याचा हात आलेला फोटो हसण्यावारी जातो. बाजू बदला, मागे माणसांचा फड येऊ द्या.

कधी कधी हरलेल्याचा चेहरा जिंकलेल्यापेक्षा जास्त सांगून जातो. जरूर काढा, पण थट्टेसाठी नको. आणि मुलींच्या कबड्डीत जर्सी ओढली गेलेला फोटो कितीही नाट्यमय असला तरी पाठवू नका. त्या पोरीला उद्या त्याच गावात शाळेत जायचं असतं.

फोटोखाली दोघांची नावं, गाव, तालीम आणि डाव लिहा. चितपट झालेल्याचंही नाव हवंच, नुसतं ‘प्रतिस्पर्धी’ नको. आणि व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो दाबला जाऊन त्यातला बारकावा जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.