गच्चीवरील छत्री आणि परदेशी प्रसारणे

ज्या गृहस्थाच्या गच्चीवरून दक्षिणेकडचे आकाश निर्वेध दिसते, त्याला परराष्ट्रांची दूरचित्रप्रसारणे कोणाच्याही निवडीवर विसंबून न राहता आपल्या घरी उतरवून घेता येतात, ही गोष्ट पुष्कळांना आजही केवळ तंत्रज्ञांच्या अधिकारातील वाटते. वस्तुतः थोडी भूमिती, पुरेसा संयम आणि नीट पारखून घेतलेली सामग्री एवढ्यावर हे कार्य सिद्धीस जाते, आणि ते स्वहस्ते केल्याने आकाशाचा जो परिचय घडतो तो कारागिराला मजुरी देऊन घडत नाही.

या विद्येचे मूळ तत्त्व आर्थर सी. क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात विशद केले. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच काळात आपली प्रदक्षिणा पुरी करतो, म्हणून तो आकाशात एकाच जागी स्थिर भासतो आणि त्याच्याकडे वळवलेली छत्री पुन्हा हलवावी लागत नाही. १९७५-७६ साली एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने आपल्या देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम थेट पोचवण्यात आले, त्याच काळात भारतीय तंत्रज्ञांनी कोलंबोस्थित क्लार्क यांच्या घरीही एक छत्री उभारून दिली. पुढे १९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये आणि त्यामागोमाग एशियासॅट-१ वरून आलेल्या स्टार टीव्हीच्या वाहिन्या यांनी आपल्या शहरांतील गच्च्यांवर छत्र्यांची रीघ लावली.

प्रथम प्रश्न येतो तो लहरींच्या पट्ट्याचा. ‘केयू’ पट्ट्याची लहर सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असल्यामुळे तिला छोटी छत्री पुरते, परंतु कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील मुसळधार पावसात ती क्षीण होते. उलट सुमारे साडेसात सेंटिमीटरची ‘सी’ पट्ट्याची लहर पावसाला फारशी जुमानत नाही, मात्र तिच्यासाठी सहा ते दहा फूट व्यासाची छत्री आणि तिला पेलणारा भक्कम खांब यांची तजवीज करावी लागते. आशिया खंडाला उद्देशून होणारी अनेक विनाशुल्क परदेशी प्रसारणे याच पट्ट्यात असतात.

खांब ओळंब्यात उभा राहिला पाहिजे, कारण तो तिरका असेल तर पुढची सारी मापे व्यर्थ होतात. छत्रीचा आकार अन्वस्ताचा असल्याने तिच्या अक्षाला समांतर येऊन पडलेली प्रत्येक लहर नाभीपाशी एकवटते, आणि लहरी टिपून घरातील रिसीव्हरकडे पाठवणारा एलएनबी नेमका तेथेच बसवायचा असतो. हे अंतर काढण्याची रीत सोपी आहे: व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागावे. व्यास २४० सेंटिमीटर आणि मध्यभागी खोली ४० सेंटिमीटर असेल, तर नाभी तळापासून ९० सेंटिमीटरवर येते.

आता दिशा. एशियासॅट मालिकेतील उपग्रह ज्या १०५.५ अंश पूर्व रेखांशावर असतात तो उदाहरणादाखल घेऊ. पुण्याहून तो खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे ११७ अंशांवर, म्हणजे पूर्वेच्या दक्षिणेला २७ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर सापडतो. होकायंत्र लोखंडी खांबापासून दूर उभे राहून पाहावे, अन्यथा ते फसवते. मग रिसीव्हरमध्ये ‘सी’ पट्ट्याच्या एलएनबीच्या स्थानिक आंदोलकाची ५१५० (मेगाहर्ट्झ) ही संख्या, वाहिनीची फ्रीक्वेन्सी, सिम्बॉल रेट आणि लहरीचे आडवे-उभेपण भरून छत्री अगदी सावकाश फिरवावी. पडद्यावरील ‘स्ट्रेंथ’ची पट्टी छत्री कोठेही वळलेली असली तरी भरलेली दिसते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नये, ‘क्वालिटी’ची पट्टी हलली की उपग्रह गवसला असे समजावे. आठ फुटी छत्रीच्या दृष्टीची रुंदी जेमतेम दोन अंश असते, तेव्हा प्रत्येक किंचित हालचालीनंतर काही सेकंद थांबणे अगत्याचे आहे. शेवटी एलएनबी आपल्या अक्षाभोवती थोडा वळवून ‘क्वालिटी’ आणखी वाढते का ते पाहावे, नटबोल्ट घट्ट करावेत आणि खांबावर रंगाची खूण करून ठेवावी.

आपले काम अचूक झाले की नाही याची साक्ष सूर्य देतो. मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेरीस काही दिवस, पुण्यात सकाळी दहाच्या आसपास, सूर्य या उपग्रहाच्या नेमका पाठीमागे येतो. त्या काही मिनिटांत प्रसारण खंडित होते आणि एलएनबीची सावली बरोबर छत्रीच्या मध्यावर पडते.

कायद्याची हद्दही ध्यानात ठेवावी. सोसायटीची परवानगी आधीच घ्यावी. कुलूपबंद वाहिन्या चोरवाटेने उघडू नयेत. आणि शेजाऱ्यांना तारेने जोडणी देऊन वर्गणी घेणे हा केबल व्यवसाय ठरतो व त्यासाठी १९९५ च्या कायद्यानुसार नोंदणी आवश्यक असते. वादळवाऱ्याचा विचार करून खांब कठड्याला न बांधता स्लॅबवरील काँक्रीटच्या चौथऱ्यात रोवावा आणि विजेपासून संरक्षणासाठी त्याला अर्थिंग द्यावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. एकाच घटनेचा वृत्तान्त तीन राष्ट्रे तीन प्रकारे कसा सांगतात हे जो नित्य ऐकतो, त्याला कोणत्या राष्ट्राने काय वगळले हे आपोआप कळू लागते, आणि स्वदेशाच्या वृत्तांतही तेच पारखण्याची त्याला सवय जडते. लोकशाहीतील नागरिकाला ही सवय अत्यंत हितावह आहे. तेव्हा ज्याच्यापाशी गच्ची आहे आणि रविवारची मोकळी सकाळ आहे, त्याने ओळंबा व कोनमापक हाती घेऊन कामाला आरंभ करावा.