लॅपटॉप नेहमीपेक्षा जास्त का तापतो?

शाळेतला लॅपटॉप एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त तापला, की आपल्याला काळजी वाटते. तो बिघडणार तर नाही ना? या प्रश्नाचे उत्तर शोधायला शालेय भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

लॅपटॉप जी विद्युत्ऊर्जा वापरतो, तिचे शेवटी जवळजवळ संपूर्णपणे उष्णतेत रूपांतर होते. ३० वॅट शक्ती वापरणारा लॅपटॉप दर सेकंदाला सुमारे ३० ज्यूल उष्णता निर्माण करतो. काम जड असेल तेव्हा यातली बरीचशी उष्णता प्रोसेसरच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात तयार होते. तिथून ती तांब्याच्या नळीवाटे धातूच्या पातळ पात्यांकडे जाते आणि पंख्याची हवा ती बाहेर नेते.

मग तापमान वाढतच का जात नाही? तळाला भोक असलेली बादली नळाखाली ठेवून पाहा. पाणी चढते, तसा भोकातून पडणाऱ्या धारेचा जोरही वाढतो. येणारे आणि जाणारे पाणी सारखे झाले, की पातळी स्थिरावते. तापमानाचेही तसेच आहे. लॅपटॉप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरक वाढला, की उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते.

आता कारणे सहज सापडतात. नळ मोठा झाला असेल, म्हणजे काम वाढले असेल: चलच्चित्रे, एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम. भोक बुजले असेल, म्हणजे पात्यांत धूळ अडकली असेल किंवा लॅपटॉप गादीवर ठेवल्याने झरोके झाकले गेले असतील. किंवा खोलीच तापली असेल. खोलीचे तापमान २५ अंशांवरून ४० अंश सेल्सिअस झाले, तर तेच काम करताना आतले तापमानही सुमारे १५ अंशांनी चढते. हा बिघाड नव्हे.

यातले खरे कारण कोणते, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या. लॅपटॉप टेबलावर ठेवून २० मिनिटे एकच काम चालवा. गरम हवा बाहेर पडते त्या झरोक्यापाशी तापमापी धरून दर २ मिनिटांनी नोंद करा आणि आलेख काढा. तो आधी भराभर चढेल, मग आडवा होईल. शेवटच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करा. महिन्याने हाच प्रयोग करून ही वजाबाकी बरीच वाढलेली दिसली, तर हवेचा मार्ग अडला असण्याचा संभव आहे. लॅपटॉप बंद करून झरोके साफ करावेत.

प्रोसेसर स्वतःची काळजी घेतो. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचताच आपला वेग कमी करतात आणि तेवढ्याने भागले नाही, तर यंत्र बंद पडते. म्हणून तापण्याबरोबर काम मंदावणे ही पहिली खूण समजावी.

खरी काळजी करावी ती बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर जुनी होते. साधारणपणे ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये. खराब झालेल्या बॅटरीत वायू साठून ती फुगते. लॅपटॉपचा तळ किंवा कळफलक वर उचललेला दिसला, तर चार्जर ताबडतोब काढावा, लॅपटॉप वापरू नये आणि बॅटरी दाबू किंवा टोचू नये. तिला आग लागू शकते. ती जाणकाराकडून बदलून घ्यावी. नुसता गरम लॅपटॉप तपासावा; फुगलेला मात्र मुलांपासून दूरच ठेवावा.