मातीचे सूर

दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशाच्या ईशान्येस सेर्तांव नावाचा कोरडा, काटेरी झुडपांचा प्रदेश आहे. पाऊस पडला तर ही भूमी हिरवीगार होते. तो रुसला म्हणजे पाणवठे आटतात, गुरे मरतात आणि माणसे घरदार सोडून दूरच्या शहरांची वाट धरतात. या प्रदेशाचे सुखदुःख ज्यांनी साऱ्या देशाला ऐकविले, ते लोकगायक म्हणजे लुईझ गोन्झागा होत.

लुईझचा जन्म १३ डिसेंबर १९१२ रोजी एशू या गावी झाला. त्याचे वडील जानुआरियो शेतात राबत, अ‍ॅकॉर्डियन वाजवीत आणि बिघडलेली वाद्ये दुरुस्तही करीत. हे वाद्य आपल्या बाजाच्या पेटीच्याच कुळातले. दोहोंतही भात्याची हवा धातूच्या बारीक पट्ट्यांना कंप देते व स्वर उमटतो. मात्र पेटी बहुधा जमिनीवर ठेवून वाजवितात. अ‍ॅकॉर्डियन छातीशी अडकवून, भाता उघडमीट करीत वाजवितात. म्हणून वादकाला नाचणाऱ्यांच्या मेळ्यातही हिंडता येते. लुईझ हे वाद्य वडिलांपाशीच शिकला.

१९३० साली आईचा मार खाऊन रागावलेला लुईझ घर सोडून गेला व सैन्यात शिरला. १९३९ साली सैन्यातून मोकळा होताच तो रिओ दी जानेरो शहरी राहिला. तेथे तो पोटासाठी रस्त्यांवर आणि मद्यगृहांत परदेशी नृत्यांच्या चाली वाजवी. गावाकडचे संगीत शहरात कोण ऐकणार, असे त्याला वाटे. एके दिवशी ईशान्येकडील काही विद्यार्थ्यांनी आपल्या मुलखातले काही वाजव, असा आग्रह धरला. त्याने तसे वाजविताच श्रोते आनंदाने बेभान झाले. पुढे नभोवाणीवरील ज्या स्पर्धेत परक्या चालींनी त्याला यश दिले नव्हते, तेथेच गावाकडच्या चालीने त्याला पूर्ण गुण मिळवून दिले. १९४१ साली त्याच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या.

१९४७ साली गोन्झागांनी उंबेर्तु तैशैरा या कवीच्या साहाय्याने रचलेले ‘आझा ब्रांका’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. दुष्काळामुळे रानातले कबूतरही उडून जाते, मग माणसाने काय करावे, अशी त्यातील व्यथा आहे. गाव सोडणारा नायक पाऊस पडताच परत येण्याचे वचन देतो. पोटासाठी शहरात आलेल्या हजारो लोकांना ते आपलेच गाणे वाटले. १९५३ सालच्या दुसऱ्या एका गीतात दुष्काळग्रस्तांच्या वतीने भिक्षा नव्हे, तर काम आणि धरणे मागितली आहेत.

अ‍ॅकॉर्डियन, ढोल आणि लोखंडी त्रिकोण या तीनच वाद्यांच्या मेळाने गोन्झागांनी ‘बायांव’ हा नृत्यसंगीताचा प्रकार देशभर नेला. सेर्तांवमधील गुराखी घालतात तशी चामड्याची टोपी घालूनच ते रंगमंचावर उभे राहत. ज्या वेषाला शहरी लोक हसत, तोच त्यांचा मानाचा वेष झाला.

२ ऑगस्ट १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. २००५ सालच्या कायद्याने त्यांचा जन्मदिवस ईशान्येकडील लोकनृत्यसंगीताचा राष्ट्रीय दिन ठरला. परक्या चाली वाजवून लुईझचे केवळ पोट भरले होते; स्वतःच्या गावाचे सूर वाजविले, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या गावालाही मान मिळाला.