नवा डेटाबेस शिकतांना

संगणकाच्या व्यवसायांत शिरलेल्या आपल्या घरांतील मुलामुलींवर नवी डेटाबेस-पद्धति शिकण्याचा प्रसंग वारंवार येतो. अशा वेळीं आज्ञांची जंत्री पाठ करण्यापेक्षां परिचयाचें दप्तर पुढें घ्यावें, हें बरें. बुलढाणा जिल्ह्यांत मेहकर-चिखलीकडे ज्यांची शेती आहे, त्यांस सातबारा नवा नाहीं. गांवनमुना सातांत जमिनीचा हक्क, बारांत पीक, आठ-अ मध्यें खातेदाराची एकूण जमीन. आणि गटक्रमांक व खातेक्रमांक यांनीं हीं पत्रकें परस्परांशीं जोडलेलीं. माहिती कोष्टकांत ठेवावी आणि समान मूल्यांनीं कोष्टकें जोडावीं, हेंच तत्त्व एडगर कॉड यांनीं १९७० सालीं गणिताच्या आधारें मांडलें.

तेव्हां पोस्टग्रेस शिकावयाचें असल्यास घरच्या दोन-चार गटांच्या नकलेवरून कोष्टकें करून आरंभ करावा. मग एक परीक्षा अवश्य घ्यावी. वाटणींत एका भावाचें नांव कमी केलें आणि दुसऱ्याचें लावण्यापूर्वींच वीज गेली, तर काय उरेल? दोन्ही नोंदी एकाच व्यवहारांत बांधल्या असतील, तर पोस्टग्रेस अर्धी नोंद रद्द करून पूर्वस्थिति राखतें. बांधल्या नसतील, तर जमीन कोणाच्याच नांवें राहत नाहीं! विसरलेली आज्ञा पुस्तकांत पुन्हां सांपडते. परंतु ही एक गोष्ट शिकणाऱ्यास उमगली नाहीं, तर त्याचा भुर्दंड पीककर्जासाठीं उतारा घेऊन बँकेंत उभ्या असलेल्या शेतकऱ्यास भरावा लागतो.