सोसायटीच्या कमिटीवर निवडून आलात? मग शिकायलाही चला

‘सोसायटी’ म्हटलं की गावाकडं आपल्याला आठवते ती पीककर्जाची विकास सोसायटी. आज आम्ही बोलणार आहोत ते दुसऱ्या सोसायटीबद्दल. शहरात आणि आता तालुक्याच्या गावातही एका इमारतीतली घरमालक मंडळी मिळून सहकारी गृहनिर्माण संस्था चालवतात, ती सोसायटी. दोन्ही सोसायट्या एकाच कायद्याखाली नोंदलेल्या असतात, 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली.

तुम्ही म्हणाल, आम्हाला त्याचं काय? आम्हालाही आधी तसंच वाटायचं. पण मुलांनी शहरात फ्लॅट घेतले की आईचं नाव लागतं, आई तिकडं राहायला जाते, आणि मग एक दिवस कमिटीत बाईची जागा रिकामी आहे म्हणून तिचंच नाव पुढं येतं.

आमच्या एका गटाच्या सचिव काकूंचं असंच झालं. दहा वर्षं त्यांनी गटाचा हिशेब ठेवला, एका पैशाचा घोळ नाही. मुलाबरोबर फ्लॅटवर नाव लागलं, त्या तिकडं गेल्या. गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीत महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. कुणी उभं राहायला तयार नव्हतं, म्हणून काकू बिनविरोध निवडून आल्या. सगळ्यांना आनंद झाला, गटाने फोनवरून अभिनंदनही केलं.

मग महिन्यातून एकदा कुणीतरी दारात यायचं. “काकू, इथं एक सही करा.” काकू सही करायच्या. मिटिंग कधी झाली, ठराव काय होता, ते वहीत लिहिलेलं असायचं, पण वाचायला वेळ कुठं द्यायचे? पुढं ऑडिट झालं. पाण्याची टाकी आणि पंपाच्या दुरुस्तीवर 1,86,000 रुपये खर्च दाखवला होता. तीन ठिकाणचे दर मागवल्याचा कागद नव्हता, निम्म्या रकमेची बिलं नव्हती. सभासदांनी तक्रार केली आणि निबंधक कार्यालयाची नोटीस कमिटीतल्या सगळ्यांच्या नावे आली. त्यात काकूंचंही नाव होतं.

रात्री नऊ वाजता त्यांचा आम्हाला फोन. “ताई, मी एक रुपया घेतला नाही हो.” आम्हाला ते माहीतच होतं. पण कायदा तेवढंच विचारत नाही. कमिटीने घेतलेल्या निर्णयांना कमिटीतला प्रत्येक जण एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. ‘मला कळलं नाही’ म्हणून सुटका होत नाही. निर्णय पटला नसेल तर तो विरोध इतिवृत्तात लिहून घ्यावा लागतो. हे काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगायला हवं होतं का? हो. 2013 साली आपल्या सहकार कायद्यात कलम 24-अ आलं. संस्थेने सभासद, पदाधिकारी आणि नोकर यांच्यासाठी सहकार शिक्षण आणि प्रशिक्षणाची सोय करायची, असं त्यात म्हटलं आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत तर त्यासाठी वेगळा निधीच आहे: दर सदनिकेमागं महिन्याला 10 रुपये. मेंटेनन्सच्या बिलात ‘शिक्षण व प्रशिक्षण निधी’ अशी एक ओळ असते. बिल हातात आलं की आपण शेवटचा आकडा बघतो, ही ओळ वाचत नाही. 40 घरांच्या सोसायटीत त्याचे वर्षाला 4,800 रुपये होतात. एका रविवारी जाणकार माणूस बोलावून वर्ग घ्यायला एवढे पुष्कळ झाले.

वर्गात शिकायचं तरी काय? निम्मं तर बचत गटातल्या बाईला येतंच. रोजकीर्द, खतावणी, इतिवृत्त, बँकेचं पासबुक जुळवणं, हे सगळं आपण करतो. नवीन असतं ते थोडं वेगळं. मेंटेनन्स कशावर आकारायचा हे सगळ्यात आधी शिकायला हवं, कारण निम्मी भांडणं तिथूनच उठतात. आदर्श उपविधीप्रमाणं सेवाशुल्क सगळ्या घरांना सारखं, घर लहान असो की मोठं. पाणीपट्टी घरातल्या नळांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. घर भाड्यानं दिलं असेल तर जादा आकार सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची. ऑडिटमध्ये दोष निघाले तर दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा. काकूंच्या कमिटीने नेमका हाच अहवाल दिला नव्हता आणि तिथूनच प्रकरण वाढलं.

प्रशिक्षण कुठं मिळतं असं आम्हाला विचारतात. मुंबई आणि पुण्यासारख्या जिल्ह्यांत गृहनिर्माण संस्थांचे महासंघ आहेत, ते वर्ग घेतात. महाराष्ट्र राज्य सहकारी संघाचं तर कामच सहकार प्रशिक्षणाचं आहे. उपनिबंधक कार्यालयात विचारलं तर जवळचं ठिकाण कळतं.

आता मॅनेजरचं. मोठ्या सोसायट्या पगारी मॅनेजर ठेवतात. आपल्याकडं त्या कामाला परवाना लागतो असा नियम नाही, त्यामुळं कुणाचा भाचा, कुणाचा ओळखीचा असं चालतं. अमेरिकेत घरमालकांच्या अशा संघटनेला एचओए म्हणतात. तिथल्या फ्लोरिडा राज्यात ठराविक आकारापेक्षा मोठ्या वस्तीचा व्यवस्थापक होण्यासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. 1 जुलै 2024 पासून तर तिथं निवडून आलेल्या संचालकांनाही 90 दिवसांत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. पुढंही दर वर्षी काही तासांचं शिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडं एवढी सक्ती नाही. आमच्या मते असायला हवी, निदान सह्या करणाऱ्यांना तरी.

पण सक्ती नसली तरी परीक्षा आपल्याकडंही आहेत, आणि हे आम्ही खास आपल्या मुलींसाठी सांगतोय. राज्याचे सहकार आयुक्त दरवर्षी, सहसा मे महिन्यात, दोन परीक्षा घेतात. एक जी.डी.सी. अँड ए., म्हणजे शासकीय सहकार व लेखा पदविका. दुसरी सी.एच.एम., म्हणजे गृहनिर्माण व्यवस्थापन प्रमाणपत्र. सी.एच.एम. ही नेमकी सोसायटीच्या कारभारासाठीच आहे. जी.डी.सी. अँड ए. मोठी, त्यात हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि कायदे असे विषय येतात. हातात पदवी, ही पदविका आणि ठरलेला लेखापरीक्षणाचा अनुभव असेल तर सहकारी संस्थांचं ऑडिट करण्याच्या यादीत नाव लागू शकतं. बी.ए. झालेली मुलगी घरी बसलीय, पोलीस भरती आणि तलाठी भरतीशिवाय तिला दुसरं काही माहीत नाही, अशी घरं आपल्या प्रत्येक गटात आहेत. तालुक्याच्या गावात नवीन इमारती उभ्या राहतायत. त्यांचा हिशेब ठेवायला माणसं लागणार आहेत. अर्जाची तारीख सहकार विभागाच्या जाहिरातीत येते. पात्रतेच्या अटी त्यातच वाचाव्यात, क्लासवाल्यांच्या तोंडी माहितीवर पैसे भरू नयेत.

काकूंच्या प्रकरणाची चौकशी अजून संपलेली नाही. काही बिलं सापडली, काही नाहीत. मधल्या काळात त्यांनी एक केलं. पुढच्या मिटिंगला उभ्या राहिल्या आणि विचारलं, “दर महिन्याचे दहा रुपये जमतात, त्यांचं आत्तापर्यंत काय केलं?” खजिनदारांनी वही उघडली. रक्कम जमा होती, चार वर्षांत एकदाही खर्च झालेली नव्हती. त्याच पैशातून एका रविवारी गच्चीवर वर्ग झाला. अकरापैकी सात जण आले, अध्यक्ष आले नाहीत. दुसऱ्या राखीव जागेवरची तरुण सूनबाई मात्र वही घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. आता सहीचं रजिस्टर आलं की दोघी ते आधी घरात नेतात, वाचतात आणि दुसऱ्या दिवशी परत देतात.